भिंतीवरचं नो ड्यूज

चौदा नंबरचा पेशंट आजारी नव्हता आणि त्याच्यासोबत लेकरूही नव्हतं. मी लहान मुलांचा डॉक्टर. माझ्याकडे एकटा माणूस आला की तो औषध कंपनीचा असतो, नाहीतर वर्गणीवाला. हा दोन्ही नव्हता. दोनशे रुपये भरून, मंगलाबाईकडून रीतसर नंबर घेऊन, वजनकाट्याजवळच्या बाकावर खोकणाऱ्या पोरांमध्ये तो दीड तास बसला होता. आत आल्यावर त्यानं दार हळूच लोटलं, खुर्चीच्या काठावर टेकला आणि केस बाजूला सारून मला कपाळ दाखवलं. "सर, ओळखलं का? मी सावरगावचा शुभम. गोटमारीत तुम्ही सात टाके घातले होते." टाके माझेच होते, चांगले सरळ आले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटले की गावातला कुठलाच डॉक्टर नुसता लेकरांचा राहत नाही. जो दिसेल त्याचं डोकं शिवायचं. पैसे कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. मी म्हटलं, "दुखतं का अजून?" तो म्हणाला, "नाही सर," आणि बॅगेतून त्या फायनान्स कंपनीचा कागद काढला, जिचा फोन मी बारा दिवसांपासून उचलत नव्हतो.

"तीन हप्ते राह्यले, सर. सोमवारी पत्र निघून राहिलं. एक तुमाले, एक सौंसरले. तुमचे बाबा कर्जात सोबत हायेत नं, घर त्यायच्या नावानं हाय. तुम्ही तवा माह्याकडून पैसे घेतले नव्हते, म्हणून पयले येऊन सांगतलं. नाहीतर आमच्यात असं सांगत नाही कोणी." हे सगळं तो इतक्या अदबीनं बोलला की ओरडावं तर कोणावर, हेच कळेना. मी ड्रॉवरमधून दोनशे काढून त्याच्यापुढे ठेवले. तू पेशंट नाहीस, म्हटलं, फी कशाची. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "राहू द्या सर, तुमालेच कामी येतीन." टोमणा नव्हता तो. खरंच काळजीनं बोलला होता आणि तेच जास्त झोंबलं. तो गेल्यावर ती नोट टेबलावर पडून राहिली आणि पंधरा नंबर आत आला तेव्हा मी तिच्यावर स्टेथोस्कोप ठेवला.

पंधरा नंबर साडेचार वर्षांचा होता आणि त्याला इंजेक्शन होतं. आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "काही नाही होत, सोन्या, डॉक्टरकाका नुसतं पाहून राहिले." मी नेहमीप्रमाणे तिला थांबवलं. माझ्या दवाखान्यात एवढी एकच गोष्ट आहे जिचा मला अभिमान वाटतो. मी लेकराशी खोटं बोलत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर सुई धरतो आणि सांगतो, "दुखंन, बाबू. थोडंसं दुखंन, मग थांबून जाईन." रडतात, पण पुढच्या वेळी हात स्वतः पुढे करतात. आया हे गावभर सांगतात. पांढुर्ण्यात माझं जे काही नाव आहे ते या एका वाक्यावर आहे, बाकी सर्दी-खोकला कोणीही बरा करतो. त्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, मग सुईकडे, आणि दंड पुढे केला. मी सुई टोचली आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बाबा होते.

बाबांना फोनवर हळू बोलता येत नाही. बत्तीस वर्षं सौंसरच्या नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर होते, पंपाच्या आवाजात बोलायची सवय. "निघाला का नाही? अलका आली, जावई आले, पोरगी आली. आज संध्याकाळपर्यंत कॉलेजले तीन लाख भरा लागते. अन् घराचे कागद आण, सोमवारी बँकेत ठेवाचे हायेत प्रियंकासाठी. तुह्याजवळच हायेत नं, कपाटात?" मी म्हटलं, हो. हो म्हणायला मला अर्धा सेकंदही लागला नाही, याचंच मला नंतर गाडी चालवताना राहून राहून नवल वाटत होतं. घराचे कागद कपाटात नव्हते. दोन वर्षांपासून ते नागपूरला, त्याच कंपनीच्या तिजोरीत होते जिनं शुभमला चौदा नंबर घेऊन पाठवलं होतं.

गाडीचंही सांगायला हवं, कारण मी तीत बसलो होतो आणि तिचाही हप्ता थकला होता. पहिली तीन वर्षं मी स्कूटरवर फिरायचो. एके दिवशी शनिवार बाजारात एका बाईनं दुसरीला माझ्यादेखत सांगितलं, "हा नवीन हाय वाटते, अजून गाडीही नाही घेतली." त्या महिन्यात ओपीडी सोळावर आली होती. पांढरी मोठी गाडी घेतली आणि दोन महिन्यांत तीसवर गेली. आता सांगा, ही चैन की खर्च? पुण्याचा एक सल्लागार मोबाइलवर खास डॉक्टरांसाठी पैशाचं शिकवतो, सुंदर शर्ट घालून. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, म्हणतो. मग कर्ज घ्या, मग गाडी घ्या, आणि तीही जुनी. त्याला एकदा आमच्या शनिवार बाजारात जुन्या गाडीतून उतरवलं पाहिजे. पण चीड त्याची नाही येत. चीड याची येते की तो बरोबर बोलतो आणि मी नऊशे नव्याण्णव रुपये भरून ते ऐकलंय, तेही क्रेडिट कार्डावर.

एमबीबीएस सरकारी कॉलेजात झालं, फुकटच म्हणा. एमडीला दोन वर्षं रँक हुकली, मग खासगीत घेतलं, अडतीस लाख. घर तारण, बाबांची सही. नोकरी करत बसलो असतो तर फिटलंही असतं. पण डॉक्टरचा मुलगा डॉक्टर झाला तर दवाखाना मिळतो, पाणीवाल्याचा झाला तर त्याला बांधावा लागतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दवाखान्याला पंचवीस. नवजात बाळांचे दोन वॉर्मर, एक व्हेंटिलेटर, जो घेतल्यापासून चारदा लागला, कारण बाळ जरा जास्त झालं की लोक ते उचलून नागपूरच्या रस्त्याला लागतात. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आम्ही फटाके फोडले. घरमालकानं दुसऱ्याच महिन्यात भाडं दीडपट केलं, जिल्ह्याच्या गावचं भाडं म्हणून. आणि त्या सगळ्या काळात रोज सकाळी अकरा वाजता एक गोड आवाज, अभिनंदन डॉक्टरसाहेब, आपल्याला पंधरा लाख मंजूर झाले आहेत. मी मागितले नव्हते. मागितले नव्हते, तरी मंजूर! पाच किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किती मिली हे मी झोपेतून उठवलं तरी दशांशासकट सांगेन, पण त्या पंधरा लाखांवर व्याज किती, हे सही करताना मी विचारलंसुद्धा नाही. सोबतच्या डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं. डॉक्टर व्याज विचारत नाही. विचारलं तर वाटेल, याला परवडत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी ती फायनान्स कंपनी आली. सगळी कर्जं एकत्र करू, बँकेचं बंद करू, हप्ता कमी, वर हातात नऊ लाख. मुदत तेवढी सोळा वर्षं. मी दिवसातून दहा आयांना रागावतो, बाई, ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही, औषध मध्येच सोडू नका. आणि त्या दिवशी मी स्वतः ताप उतरवून घेतला नि मोकळा झालो. बँकेनं जुनं खातं बंद झाल्याचं पत्र दिलं, नो ड्यूज, गोल शिक्का, खाली साहेबांची निळी सही. ते पत्र घेऊन मी सौंसरला गेलो. सोबत नव्या कंपनीचे कागदही होते, घर पुन्हा तारण द्यायचं म्हणून. मी काय बोललो ते मला शब्दासकट आठवतं. म्हटलं, बाबा, बँकेचं संपलं. हे तिचं पत्र. आणि हे शेवटचे कागद आहेत, यावर सह्या करा. खोटं असं एकही वाक्य नव्हतं त्यात, वकिलानं शोधूनही सापडलं नसतं. बाबांनी चष्मा लावला आणि चौदा ठिकाणी पूर्ण नाव लिहिलं, मधुकर गोंडूजी गजभिये, प्रत्येक अक्षर पाटीवर काढल्यासारखं. आई पाणी घेऊन आली तर तिला म्हणाले, हात नको लावू, ओले होतीन.

जामसांवलीच्या फाट्यावर गाड्या अडकल्या होत्या. शनिवार, हनुमानाचा दिवस. ट्रॅक्टर, जीपगाड्या, नारळाची पोती. वीस मिनिटं मी एसी बंद करून, काचा खाली करून बसलो, डिझेल वाचवायला. पाच-पंचवीस रुपयांचं वाचलं असेल. माझी काटकसर ही अशी असते. समोरच्या जीपमधून एका बाईनं मला ओळखलं आणि मांडीवरचं पोर उचलून खिडकीतून दाखवलं, "डॉक्टरसाहेब, पाहा बरं, याच्या कानातून पाणी येऊन राहिलं." मी उतरलो, पाहिलं, तिच्याच मोबाइलवर औषध लिहून दिलं. ती म्हणाली, देव भेटला बाप्पा रस्त्यात. देवाला तीन हप्ते थकले होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, नुसता राग आला, त्या बाईचा, त्या कानाचा, फी मागायला पुढे न होणाऱ्या माझ्या हाताचा. गाड्या सुटल्या तेव्हा मी एक ठरवून टाकलं होतं. कागद काढता आले नाहीत म्हणायचं. बायको माहेरी गेली आहे, कपाटाची किल्ली तिच्याकडे आहे. सोमवारपर्यंत काहीतरी करू. हे ठरल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की मी काच वर करून एसी लावला.

सौंसरच्या आमच्या घरात पुढची खोली बारा बाय दहाची. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली डावीकडे माझी पदवी, उजवीकडे ते पत्र. हो, ते पत्र. बाबांनी ते दुसऱ्याच दिवशी बाजारात नेऊन काचेत मढवलं होतं, पदवीच्याच मापाच्या सोनेरी चौकटीत. कोणी आलं की आधी पदवी दाखवायची, मग पत्र. "शिकलाही अन् फेडलंही. पोरगं माह्यं अजून चाळीसचं नाही." दोन वर्षांत मी त्या खोलीत कधी त्या भिंतीकडे तोंड करून बसलो नाही. आजही दारातून आत गेलो, जयभीम केला आणि सवयीनं पाठ तिकडे केली. पण माझ्या नेहमीच्या खुर्चीवर भाऊराव बसले होते, अलकाताईचे यजमान, माझे भाऊजी, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले होते. मला पत्रासमोरची खुर्ची मिळाली. अलकाताईनं चहा दिला. प्रियंका दाराजवळ मोबाइल घेऊन उभी होती. माझी भाची, अठराची, गेली दोन वर्षं याच खोलीत, याच भिंतीखाली टेबल टाकून तिनं नीट परीक्षेचा अभ्यास केला, तिच्या घरी पाच माणसांत जागा नाही म्हणून. मार्क चांगले होते. सरकारीला अकरा कमी पडले.

"वर्षाचे साडेअकरा," भाऊराव म्हणाले. "साडेचार वर्षं. बँक देऊन राहिली, घर ठेवलं तर. आजचे तीन मी पीएफमधून काढले. आज भरले तर सीट पक्की. मग मागं नाही फिरता येत, परत नाही मिळत थे." एवढं ते एकदम बोलले. एरवी ते वर्षभरात एवढं बोलत नाहीत. बाबा माझ्याकडे पाहत होते. "कागद आणले नं?"

मी किल्लीचं सांगायला तोंड उघडलं आणि भाऊरावांच्या हाताकडे लक्ष गेलं. मोबाइलवर पैसे भरायचं पान उघडून अंगठा वर धरून ते बसले होते. मी कागदांवर हो म्हटलं की हा अंगठा खाली येणार होता. बावीस वर्षांचा पीएफ. सोमवारी बँक घराची चौकशी करणार, घर आधीच अडकलेलं निघणार, कर्ज नाकारणार, सीट जाणार, तीन लाख जाणार, आणि त्याच दिवशी त्या कंपनीचं पत्र सौंसरला निघणार. मग मी किल्लीऐवजी दुसरं बोललो. म्हटलं, घाई कशाला, एक वर्ष थांबू. पुन्हा परीक्षा देईल, अकरा मार्क म्हणजे काही नाही. खासगीत काही राहिलं नाही आता. त्या पुण्याच्या माणसाची सगळी वाक्यं मी बोललो, हप्ता, व्याज, मुदत. चांगला बोललो. खोलीत कोणीच मान हलवली नाही.

अलकाताईनं कप खाली ठेवला. "वा रे वा! तुह्या वेळी कोणी म्हटलं होतं का, थांब म्हणून? माह्या लग्नातले दागिने गेले तुह्या फॉर्म-फीत, मी बोलली का कधी? मामा झाला डॉक्टर, त्याचं फिटलंही, अन् भाचीची वेळ आली तर व्याज सांगून राहिला! सरळ सांग नं, नाही पाहवत तुले." मी म्हटलं, ताई, तसं नाही. "मंग कसं हाय?" तिचे डोळे भरले होते आणि रागानं आवाज चिरकत होता. बाबा म्हणाले, "अलके, चूप. गौतम, तू हो म्हण, विषय संपला. कागद उद्या आण." आणि भाऊरावांकडे वळून, "जावईबापू, भरा तुम्ही."

मी उठलो, खुर्चीवर चढलो आणि ती चौकट खिळ्यावरून काढली. मागची भिंत पांढरी निघाली, आजूबाजूची पिवळट. सगळे बघत राहिले. मला वाटलं होतं, खाली उतरेपर्यंत काही सुचेल. सुचलं नाही. म्हटलं, "भाऊजी, भरू नका. हे फिटल्याचं पत्र नाही. बँकेचं संपलं, कारण दुसऱ्यानं फेडलं. मी त्याला देणं लागतो. हप्ते थकले आहेत. घराचे कागद त्याच्याकडे आहेत. बाबा, त्या दिवशी तुम्ही चौदा सह्या केल्या नं, त्या त्याच्याच."

भाऊरावांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. आतून आईनं कुकर बंद केल्याचा आवाज आला, म्हणजे तीही ऐकत होती. मला आता कोणीतरी ओरडायला हवं होतं. ओरडलं असतं तर मीही ओरडलो असतो, माझ्याकडे खूप होतं ओरडण्यासारखं. पण बोलली ती प्रियंका, दाराजवळून, मोबाइलकडे बघत. "मामा, मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याच्यात लिहिलंच आहे नं, तिसऱ्या ओळीत. खातं दुसऱ्या कंपनीनं घेतलं म्हणून बंद झालं. दोन वर्षांपासून रोज समोरच होतं ते. मी नेटवर पाहून अर्थ काढला." मग हळू आवाजात, "मी घरी सांगून राहिली होती, खासगी नको म्हणून. कोणी ऐकत नव्हतं. काहून नको, ते सांगता येत नव्हतं. मले वाटलं, तुम्ही सांगसान. तुमची वाट पाहून राहिली होती मी."

मी चौकट हातात घेऊन उभा होतो. तिसरी ओळ होती. इंग्रजीत, स्पष्ट, टाइप केलेली. शंभर माणसांनी ही काच पाहिली असेल. शाळेतले मास्तर येऊन गेले, बाबांच्या ऑफिसचे लोक येऊन गेले, सगळ्यांनी शिक्का पाहिला आणि मान डोलावली. आणि एका पोरीनं वाचलं आणि माझी अब्रू राखायला दोन वर्षं गप्प बसून त्याखालीच अभ्यास केला. शुभमनं दोनशे परत घेतले नाहीत तेव्हा झोंबलं होतं ते काहीच नव्हतं.

बाबांनी हात पुढे केला. मी चौकट दिली. त्यांनी ती वाचायचा प्रयत्न केला नाही, शर्टाच्या टोकानं काच पुसली आणि मांडीवर आडवी ठेवली. मग विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पंपाच्या आवाजापेक्षा लहान होता. "तू म्हणे लेकराले सुई देताना सांगतं, दुखंन म्हणून?"

"हो."

"सगळे सांगते मले. बाजारात सांगते. तुमचा पोरगा खोटं नाही बोलत म्हणते." त्यांनी मान वर केली. "मंग मले काहून नाही सांगतलं बे? मी का लेकराहून लहान होतो?"

मी त्यांच्या समोर खाली, फरशीवर बसलो. ताई पदरानं डोळे पुसत होती. प्रियंकानं दार लोटून घेतलं, बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून.

"किती हाय?" बाबांनी विचारलं. "सगळं मिळून सांग. सोमवारचंही सांग. काही ठेवू नको."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ताठ बसले, खुर्चीच्या हातावर दंड टेकवून, बाही वर सरकलेली. मी पंधरा नंबरला जसं पाहिलं होतं तसं त्यांच्याकडे पाहिलं.

"दुखंन, बाबा," मी म्हटलं, आणि आकडा सांगितला.